साठ नंबरचा कोयता

मला पोलादातलं कळतं, असं मी बावीस वर्षं सांगत आले आहे. ते बऱ्यापैकी खरंही आहे. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी भट्टीतून निघालेल्या मालाचा कठीणपणा तपासते. आमच्या भाषेत हार्डनेस. टेबलावर एक यंत्र आहे, त्याला हिऱ्याचं बारीक टोक आहे. ते पोलादावर दाबायचं आणि आकडा वाचायचा. पोलाद जितकं कठीण, तितकं टोक कमी रुतणार आणि आकडा तितका मोठा येणार. अठ्ठावन्न ते साठ आला तर माल पुढं, नाहीतर परत भट्टीकडं. या आकड्यावरून मी सुपरवायझरशी भांडले आहे, ठेकेदाराशी भांडले आहे, एकदा तर ऑडिटला आलेल्या पाहुण्याशीही भांडले आहे. बहुतेक वेळा मीच बरोबर निघाले. त्यामुळं दुसऱ्याला विचारायची सवय मला फारशी राहिली नाही.

माझे वडील आण्याच्या पठारावर राहतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. पठारावर पाण्याची बोंब आणि बाभळी मात्र मुबलक. आबा शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख दांडे करणारा माणूस अशी. कुदळीचा दांडा, खोऱ्याचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा. बांधावरच्या मोठ्या बाभळीखाली एक ओंडका आहे, तोच त्यांचा कारखाना. वाळलेली फांदी ओंडक्यावर टेकवायची, कोयत्यानं सालपटं उडवून सरळ करायची, मग वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या सुतारी हत्यारानं, घडवायची आणि शेवटी फुटक्या काचेनं तासून गुळगुळीत करायची. त्यांचा दांडा हातात घेतला की नवा वाटतच नाही, दहा वर्षं वापरलेला वाटतो.

त्यांचा एक नियम होता. ज्याला दांडा हवा त्यानं स्वतः यायचं. निरोप चालायचा नाही. कोणी म्हणालं, "आबा, माझ्या भावाच्या कुदळीला करा," तर आबा म्हणायचे, "मंग भावाला धाड." आलेल्या माणसाला समोर उभं करायचे, त्याचा हात हातात घेऊन तळवा बघायचे, मूठ मिटायला लावायचे, कुदळ मारतो तसा हात हवेत मारून दाखवायला लावायचे. लहानपणी मला या सगळ्याचं हसू यायचं. कुदळीच्या दांड्यासाठी एवढं काय, शिंप्याकडं कपडे टाकायला आल्यासारखं!

दोन वर्षांपूर्वी थंडीत आबांना झटका आला. उजवी बाजू गेली. माझ्या धाकट्या भावानं त्यांना पिकअपमध्ये घालून आळेफाट्याला नेलं, वेळेत नेलं, म्हणून माणूस हाती लागला. पाय हळूहळू सुधारला, बोलणं सुधारलं. उजव्या हाताची पकड मात्र आली नाही. त्या हातानं ते कपाला आधार देतात, शर्टाचं बटण एवढं लावायला जातात आणि मग सोडून देतात.

भावानं सगळी हत्यारं माळ्यावर टाकली. वाकस, कुऱ्हाड, रंधा, सगळं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यानं आपल्या बापाचं डोकं मांडीवर घेऊन घाट उतरलाय, त्याला भीती वाटणारच. पण आबा दिवसभर ओसरीवर बसून रस्त्याकडं बघायला लागले. लोक दांडा मागायला यायचे आणि तब्येत विचारून परत जायचे. त्यांना तब्येतीचं विचारलेलं आवडायचं नाही. ते म्हणायचे, "बरी हाय की," आणि मान फिरवायचे.

सहा-सात महिन्यांनी त्यांनी गुपचूप जुना कोयता खाली काढला. उजव्या कोपरानं फांदी ओंडक्यावर दाबून धरायची आणि डाव्या हातानं कोयता चालवायचा, असं शिकले. वाकस जमणार नव्हता, त्याला दोन हात लागतात. मग सगळं कोयत्यावरच भागवायचं. पहिला दांडा वाकडा झाला. चौथा मला तरी सरळ दिसला. भाऊ चिडला, आई रडली, मी गाडी काढून गेले आणि मध्यस्थी केली. म्हटलं, "त्यांना करू दे. नाहीतर ते असेच बसून संपतील." हे शब्द मी आबांच्या समोरच बोलले. माझी जीभ ही अशीच आहे.

खरी अडचण धारेची होती. दगड जमिनीवर ठेवला की सरकतो, त्याला धरायला एक हात लागतो आणि कोयता धरायला दुसरा. आबांना जमेना. भावाला सांगावं तर तो म्हणायचा "उद्या", आणि त्याचं उद्या म्हणजे ट्रॅक्टर, कांदा, बाजार सगळं आटोपल्यावरचं उद्या. बोथट कोयता लाकडात शिरत नाही, सटकतो, आणि सटकला की हाता-पायावर येतो. तेव्हा मला वाटलं, हे तर माझ्याच खात्यातलं काम आहे. वर्षभर धार लावावीच लागणार नाही असा कोयता मी आबांना करून देईन.

जुन्या कोयत्याभोवती पेन फिरवून मी पुठ्ठ्यावर आकार काढून घेतला. तो कोयता निमगाव सावाच्या लोहारानं ट्रकच्या पाट्यापासून केलेला होता. पाटा म्हणजे चाकावरची ती कमान, जी खड्ड्यात दबते आणि पुन्हा वर येते. मला ते फारच गावठी वाटलं. भंगारातल्या पाट्यात काय दम असणार? टूलरूममध्ये माझा एक जुना सहकारी आहे, त्याच्याकडं डी-टू पोलादाचा एक तुकडा पडून होता. आमच्याकडं पत्रा कापायचे साचे त्याचे करतात. लाख पत्रे कापले तरी धार हलत नाही असं ते पोलाद. साहेबांची परवानगी घेतली, तुकडा आकारात कापून घेतला, भट्टीत लावला.

सहकाऱ्यानं विचारलं, "कशाला वापरणार?"

"लाकडाला."

"मग जरा नरम ठेवू का? पंचावन्नपर्यंत उतरवतो. मार बसणार आहे त्याला."

"साठ," मी म्हटलं. "खाली नको."

त्याला ते पटलं नाही, पण माझ्याशी वाद घालून फायदा नसतो हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कोयता भट्टीतून आला तेव्हा मी स्वतः यंत्रावर लावला. बरोबर साठ. मी त्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढला. आपल्या पोराच्या निकालाचा काढतात तसा.

कठीण म्हणजे मजबूत, हे मी धरून चालले होते. आमच्या खात्यात कठीणपणा मोजायचं यंत्र आहे. पोलाद किती मार खाऊन न तुटता राहील, त्याचा चिवटपणा किती, हे मोजायचं यंत्र नाही. जे मोजता येत होतं तेच मी मोजलं. मला पुस्तकातला फरक माहीत नव्हता असं नाही. माहीत होता, पण तो साच्यांच्या बाबतीतला, आणि घरच्या कामात तो मला आठवला नाही.

खंडेनवमीच्या सकाळी मी कोयता घेऊन घरी पोचले. अंगणात ट्रॅक्टर धुऊन झाला होता, झेंडूच्या माळा होत्या, पाटावर विळे, खुरपी, पाना, स्क्रूड्रायव्हरसुद्धा हळदकुंकू लावून मांडला होता. मी कोयता आबांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी हात मागं घेतला.

"हातात न्हाई देत. भांडान व्हतं. खाली ठिव."

धारेचं हत्यार आमच्याकडं हातात देत नाहीत, हे मी शहरात राहून विसरले होते. मी कोयता भुईवर ठेवला, त्यांनी डाव्या हातानं उचलला, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली.

"लई धार हाय," ते म्हणाले. "कशाचा म्हनायचा ह्यो?"

"डी-टू म्हणतात आबा. कारखान्यातलं पोलाद. वर्षभर धार लावायचं नाव काढू नका."

"वरीसभर?" त्यांनी आईकडं पाहिलं. "ऐकलं का? लेकीनं केलाय."

भाऊ ट्रॅक्टरपाशी उभा होता. तो म्हणाला, "ताई, मला त्यातलं काय कळत न्हाई. तू म्हनतीस म्हनून वापरू देतो. पन हेंला जरा जरी लागलं, तर समदं माळ्यावर जानार. मंग तू मधी पडायचं न्हाई."

"न्हाई पडणार," मी म्हटलं. कसलीही काळजी न वाटता म्हटलं.

दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला मी तो कोयता दाखवला. साठ नंबर, डी-टू, भट्टी, सगळं सांगितलं. कोणाला काही कळत नव्हतं, पण सगळे "भारीच की राव" म्हणत होते. आबा बाजूला बसून ऐकत होते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

मग दोन-अडीच महिने फोनवर एकच प्रश्न. "कोयता कसा चाललाय?" आणि एकच उत्तर. "येक नंबर." खरंच बरा चालला होता. त्यांनी कितीतरी दांडे केले, एका माणसाला बैलगाडीच्या जुवाच्या खुंट्याही करून दिल्या. धार उतरली नाही. मी टूलरूममध्ये ऐकवून आले, "बघ, साठच ठेवलं ते बरं झालं ना?"

पौषात एका दुपारी आईचा फोन आला. आबांच्या कपाळाला लागलं होतं. भुवईच्या वर, तीन टाके. डोळा थोडक्यात वाचला. मी आबांना फोन द्यायला सांगितला. ते म्हणाले, "काय न्हाई गं. हात घसारला. कोयता निसटला आन् वर आला."

मी घाबरले होते, आणि भीती वाटली की मला राग येतो. मी फोनवर ओरडले. "आबा, एवढी धार आहे त्याला, सांभाळून वापरायचं ना! तुम्हाला धरता येत नाही नीट तर कशाला घाई करता? आता तो सगळं बंद करेल, मी काय बोलू त्याच्याशी?"

मग ते म्हणाले, "व्हय बाई. चुकलं माजं."

भावानं त्याच संध्याकाळी सगळं माळ्यावर टाकलं. बाभळीखालचा ओंडकासुद्धा आडवा करून बांधाला लावला. मी मध्ये पडले नाही. काय म्हणून पडणार होते?

माघात तीन दिवसांची सुट्टी काढून मी घरी गेले. आबा ओसरीवर सुपात हुलगे निवडत बसले होते. निवडायचं काम तसं नव्हतंच, आईनं आधीच निवडून ठेवलेले होते. कपाळावर जखमेची गुलाबी रेघ होती. मी जवळ बसले तर म्हणाले, "रस्त्याला गर्दी व्हती का?" आणि पुन्हा हुलगे चाळू लागले. एक माणूस मोटरसायकलवरून रस्त्यानं गेला, मागं त्याला कुदळ बांधलेली, कुदळीला लोखंडी पाइपाचा दांडा. आबांनी तो पाइप दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मी आले की आई मासवडी करते. रश्श्याला मोठं पातेलं हवं होतं आणि ते माळ्यावर होतं. गुडघेदुखीनं तिला शिडी चढवेना, म्हणून मी चढले. पातेल्याच्या मागं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून काहीतरी ठेवलं होतं. इतर हत्यारं तशीच फेकली होती, हे एकच असं नीट बांधलेलं. फडकं सोडलं तर माझा कोयता.

धारेच्या मध्यावर, पोटाशी, नखाएवढा तुकडा नव्हता. चंद्रकोरीसारखी खाच. तिच्या शेजारी केसाएवढी एक भेग वर चढलेली.

मी कोयता घेऊन मागच्या दारी उन्हात गेले. पोलाद तुटतं तेव्हा कसं तुटलं ते त्या जागी लिहिलेलं असतं आणि मला ते वाचता येतं, माझं पोटच त्यावर चालतं. वाकून, ताणून तुटलं असतं तर कड ओढल्यासारखी दिसली असती. ही कड सपाट होती, राखाडी, बारीक रव्यासारखी. काचेचा कप फुटावा तसं फुटलं होतं. हात घसरून कोयता निसटला असता तर धारेचा असा तुकडा पडला नसता. कोयता गाठीवर बसला, जरा आडवा दाब आला आणि माझं साठ नंबरचं पोलाद ताडकन उडालं. आबांच्या कपाळात कोयता गेलाच नव्हता. माझा तुकडा गेला होता.

मी ओसरीवर आले, कोयता त्यांच्या पुढं भुईवर ठेवला आणि खाली बसले.

"आबा, हात घसरला नव्हता."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. आत आईची चाहूल घेतली. मग कनवटीची तंबाखूची चंची काढली, एका हातानं सोडायला त्यांना वेळ लागला, मी मदत केली नाही कारण ती त्यांना आवडली नसती. चंचीच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी कागदाची पुडी काढली. पुडीत तो तुकडा होता.

"डागदरनं काढला. तुजा भाऊ गाडी लावाया गेल्ता भाईर. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या माज्याकडं. आन् घरी आल्यावं कोयता फडक्यात बांधला, त्येच्या नजरंला पडू न्हाई म्हनून."

"मला का नाही सांगितलं? त्याला का नाही सांगितलं?"

"तू दसऱ्याला समद्यास्नी सांगितलं व्हतंस बाई. कारखान्यात केलाय, आसा हाय न् तसा हाय. आन् मी म्हनू, लेकीचा कोयता फुटला?" ते थोडं हसले. "हात तसाबी गेलेलाच हाय. त्याच्यावं अजून येक नाव आलं तर काय बिघडतंय."

मला रडू आलं. फोनवर मी त्यांना काय काय बोलले ते शब्द न् शब्द आठवलं, आणि त्यांचं ते "चुकलं माजं" आठवलं. ज्या हातावर त्यांनी इतके महिने मेहनत केली, ज्या डाव्या हाताला त्यांनी म्हातारपणी नवं काम शिकवलं, त्याच हाताला त्यांनी माझ्यासाठी खोटं पाडलं होतं. त्या बदल्यात त्यांची बाभळ गेली, ओंडका गेला, दारात येणारी माणसं गेली. आणि हे सगळं मी नीट झोपावं म्हणून.

जेवताना मी भावाला सांगितलं. आई आणि भावजय समोर होत्या. मला ते जड गेलं, हे लपवत नाही. आमच्या दोघांत लहानपणापासून मी शहाणी आणि तो दांडगा अशी वाटणी होती, आणि मला ती वाटणी आवडायची. तुकडा आणि कोयता ताटाशेजारी ठेवून मी म्हटलं, "ही माझी चूक. पोलाद चुकीचं निवडलं. आबांचा हात चांगला होता."

मला वाटलं तो भडकेल. त्यानं तुकडा खाचेत बसवून पाहिला, तंतोतंत बसला. मग आबांकडं बघत विचारलं, "म्हंजी हात न्हवता घसारला?"

"न्हाई," आबा मासवडीचा तुकडा मोडत म्हणाले.

"मंग मला सांगायचं ना. मी तुमचं समदं काढून घेतलं की वो." त्याचा घास तसाच हातात राहिला. मग म्हणाला, "उद्या निमगावला जाऊ." हे त्याचं उद्या मात्र खरंच दुसऱ्या दिवशी उगवलं.

निमगाव सावाचा लोहार आबांच्याच वयाचा. भाता आता विजेच्या पंख्यावर चालतो, पण घण त्याची बायको मारते. पत्रा कापायच्या साच्यांचं पोलाद, यंत्रावर मोजून साठ भरलेलं, हे मी त्याला सांगितलं. त्यानं माझा कोयता घेतला, नखानं टिचकी मारून कानाशी धरला, खाच पाहिली.

"पोलाद झ्याक हाय," तो म्हणाला. "कापायचं काम करंल जलमभर. पन मार खायाचं ठावं न्हाई त्याला. बाभळीची वाळकी गाठ म्हंजी काय पत्रा हाय व्हय ताई?"

त्याची बायको म्हणाली, "मशीन आनलंय का संगं? आमचाबी मोजून जावा." मी म्हटलं, मशीननंच घोळ केलाय, मावशी. तेव्हा ती घणावर हात ठेवून हसली.

त्यानं ट्रकच्या पाट्याचा तुकडा विस्तवात घातला. मग कामाला हात लावायच्या आधी आबांकडं वळला.

"कोन्या हातानं चालवतोस आता?"

"डाव्या."

"मंग पल्ला उलटा घ्यावा लागंल."

पल्ला म्हणजे धारेची उतरण; कोयत्याची धार एका बाजूनं उतरती घासलेली असते. उजव्या हाताच्या माणसाला एक बाजू, डाव्याला दुसरी. उलट्या हातात तो लाकडात वाकडा शिरतो, आत ओढला जातो, आणि गाठ आली की पात्याला पीळ बसतो. मी जुन्या कोयत्याभोवती पेन फिरवून आकार घेतला होता, त्याची उतरण होती तशी उतरवली होती. जुना कोयता आबांच्या उजव्या हाताचा होता. ज्या घरात दांडा मागणाऱ्याला स्वतः यावं लागतं, तळवा दाखवावा लागतो, त्या घरातल्या मुलीनं बापाचा हात न बघता कोयता केला होता. मी खाली मान घालून बसले. आबांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, यात त्यांची माया होती.

लोहारीण घण मारत राहिली, तो पातं फिरवत राहिला. लाल पातं जळक्या तेलात बुडवलं, बाहेर काढून एका कडेनं घासलं आणि पुन्हा विस्तवाच्या तोंडाशी धरलं. घासलेल्या जागेवर पिवळा रंग आला, मग तांबूस, मग मोराच्या मानेसारखा निळा. निळा दिसताच त्यानं पातं विझवलं. त्या निळ्याचा आकडा मला साधारण ठाऊक आहे. साठच्या बराच खाली. हा आकडा माझ्या टेबलावर आला असता तर मी माल परत पाठवला असता.

मग त्यानं बाभळीची वाळकी गाठ ओढून घेतली आणि तीन घाव घातले, जीव खाऊन. धार उन्हाकडं धरून मला दाखवली. एका जागी ती किंचित दुमडली होती, कापडाच्या काठासारखी. तुकडा पडला नव्हता. हातोडीच्या दोन हलक्या टिचक्यांनी त्यानं ती सरळ केली.

"ह्यो वळंल, पन सोडून जायाचा न्हाई," तो म्हणाला. "धार मातर लावावी लागंल. आठवड्याला."

म्हणजे फिरून तीच अडचण, धार लावायची. परतीच्या वाटेवर मी गाडीत तेच घोकत होते. घरी आल्यावर आबांनी भावाकडून ओंडका उभा करून घेतला, जमिनीत पुरून पक्का केला, आणि नव्या कोयत्यानं त्याच्या डोक्यावर खाच पाडायला बसले. तासाभरानं धारेचा दगड त्या खाचेत ठोकून बसवला. दगड हलेना. मग एकट्या डाव्या हातानं कोयता त्यावरून सावकाश फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मी बघत उभी होते. एका दगडाला जागेवर बसवायचं होतं, आणि त्यासाठी मी भट्टी पेटवून बसले होते.

"हे आधी का नाही केलंत?" मी विचारलं.

"तू कोयता आनते म्हनालीस," आबा म्हणाले. "मंग कशाला करू?"

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या गडबडीत होते. बाभळीखाली खटखट सुरू झाली होती. रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली, तोच माणूस, पाइपाचा दांडा लावलेल्या कुदळीवाला. तो बांधावर आला, पण ओंडक्यापासून जरा लांबच उभा राहिला.

"आबा, फिरून चालू केलं व्हय? जपून बरं. मागं हात घसारला व्हता म्हनं तुमचा."

"व्हय राव," आबा मान वर न करता म्हणाले. "जपूनच."

म्हणजे ते गावालाही तेच सांगत राहणार होते. घरातल्या चार माणसांत मी चूक कबूल केली होती आणि मला वाटलं होतं, झालं, सुटले. पण दांडा मागायला येणारी माणसं बाहेरची होती. हात घसरणाऱ्या माणसाकडून दांडा कोण करून घेणार? पाइप काय वाईट?

मी पिशवी खाली ठेवून बांधावर गेले. दसऱ्याला ज्या आवाजात फुशारकी मारली होती, त्याच आवाजात, रस्त्यापलीकडच्या शेतातही ऐकू जाईल असं, म्हणाले, "दादा, आबांचा हात घसरला नव्हता. मी केलेला कोयता फुटला. त्याचा तुकडा उडून त्यांना लागला. त्यांनी माझं नाव झाकलं."

आबा भडकले. कितीतरी वर्षांनी मी त्यांना भडकलेलं पाहिलं. "तुला कुनी इचारलं गं? जा, गाडी काढ तुजी!"

तो माणूस एकदा माझ्याकडं, एकदा आबांकडं बघत राहिला. मग मोटरसायकलपाशी गेला, दोरी सोडून कुदळ काढली, दगडानं ठोकून पाइप बाहेर काढला, आणि नुसती कुदळ आणून ओंडक्यापाशी भुईवर ठेवली.

"लई हादरा बसतो वो त्या पाइपाचा," तो म्हणाला. "खांदा गेलाय माजा."

आबांचा राग अजून उतरला नव्हता. पण त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि डावा हात पुढं केला.

"हिकडं ये," ते त्याला म्हणाले. "हात बघू तुजा."